पे चोलगूची बॅट

आमच्या गुनसान शहरच्या पे चोलगूने बेसबॉलमध्ये दोनशे बारा होमरन मारले, पण लोक तिकीट काढायचे ते त्याची बॅट बघायला. चेंडू टोलवला की तो बॅट हवेत अशी भिरकावायचा, की म्हातारेही सुका मासा चघळायचे थांबत. पळणं त्याला कमीपणाचं वाटे. चेंडू बाहेर जाणारच, मग घाई कशाला?

अंतिम सामन्यात त्याने टोला हाणला, बॅट भिरकावली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. चेंडू मैदानाच्या भिंतीच्या वरच्या कडेवर आपटून आत आला. साहेब पहिल्या बेसवर पोचायच्या आत चेंडू तिथे हजर. बाद. सामना गेला. मी तिसऱ्या रांगेत होतो, माझा राग अजून गेलेला नाही.

आता त्याचं तळलेल्या कोंबडीचं दुकान आहे. बायको ओकबुन तळते, त्याने नुसतं टेबलावर नेऊन द्यायचं. पण तो उभा असतो त्याच टोल्याच्या फोटोसमोर. फोटोत बॅट हवेत आहे, चेंडू कुठेच नाही.

"गेला होता ना बाहेर?" नवं गिऱ्हाईक विचारतं.

"बॅट बघा की," तो म्हणतो.

आतून ओकबुनचा आवाज येतो, "अहो, चेंडू कधीचा परत आलाय. कोंबडी गार होतेय, आता तरी पळा."