कमानीची उजवी बाजू

आमच्या पेठेतल्या मोगलांच्या काळातल्या मशिदीसमोर एक विणकर रोज सायकल टेकवून कमानीकडे बघत बसायचा. याला कामधंदा नाही काय, असं मला वाटायचं. कमानीवर चुन्यात काढलेली फुलांची वेल डावीकडे शाबूत होती. उजवीकडची कधीच गळून पडली होती.

परवा त्यानं मशिदीच्या पायरीवर नवीकोरी चादर उलगडली. तिच्यावर तीच वेल, दोन्ही अंगांनी फुललेली!

"उजवी बाजू कुटं बघितली?" मी विचारलं.

"बघायची कशाला? आमी अर्धीच नक्षी काढतो की. उरलेली अर्धी हातमागच उलटी करून विणतो."

नमाज आटोपून आलेल्या दोघांनी चादरीची उजवी बाजू कमानीच्या बोडक्या अंगाला उंच धरली. आमच्या हयातीत पहिल्यांदाच कमान पुरी दिसली. सगळी पेठ टाळ्या वाजवत होती, सगळ्यात जोरात मी.