कौसाबाईंची दोन वाक्यं

वडवणीच्या गाडीचा कंडक्टर मला ओळखतो. महिन्यापूर्वी बीडच्या स्टँडवर तिकिटं फाडता फाडता तो म्हणाला, "सर, कौसाबाई गेल्या की. परवाच." रडू येईल असं वाटलं होतं. नुसता थकवा आला...

फार वर्षांपूर्वी वडवणीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या गोदामाला आग लागली, त्यात कौसाबाईंचे यजमान गेले. आत कुणीतरी बिडी ओढली, असं मालकानं सांगितलं आणि कागदावरही तेच आलं. मी तेव्हा बीडला क्लास घ्यायचो. सिनेमाचं वेड होतं, आणि एका मित्राकडे लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होता. त्या आगीवरच पहिला सिनेमा करायचं ठरवलं, तोही गावानं उभा केला. कुणी ज्वारी दिली, शिंप्यानं कपडे शिवले, किराणावाल्या अप्पांनी महिनाभर चहा-साखर पुरवली. कौसाबाई स्वतःचीच भूमिका करायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माजा मानूस बिडी वढत नव्हता. आन् दाराला बाहेरून कुलूप व्हतं. एवढं दावा."

आम्ही दोन्ही घेतलं. पण जीप आणि जनरेटर देणारा पुढारी म्हणाला, "आग दाखवा सर, कुलूप कशाला दाखवता?" आणि मी... मी ते काढलं. टीव्ही-व्हीसीआरवरचा पहिला खेळ संपल्यावर कौसाबाई जवळ आल्या.

"सर, कुलूप कुठं गेलं?"

"सिनेमा लांबत होता, मावशी."

"लांबू द्यायचा व्हता की."

लाज वाटून आठ दिवसांनी तो तुकडा परत जोडायला गेलो, तर मित्रानं त्या टेपवर कुणाचं तरी लग्न घेतलं होतं. जळकं गोदामही तोवर मालकानं पाडलं होतं. कौसाबाईंना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला.

पुढचा खेळ कपिलधारच्या वाटेवरच्या एका गावात होता. टीव्ही बंद होताच कौसाबाई लोकांत उभ्या राहिल्या. "शिनेमातली ती बाई मीच हाय. दाराला बाहेरून कुलूप व्हतं." एवढं बोलून खाली बसल्या. मग प्रत्येक गावात तेच. त्यापायी त्यांचं स्वतःचं जिनिंगमधलं काम तुटलं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायच्या आणि मातीच्या हातांनी खेळाला यायच्या. एकदा मी म्हणालो, "मावशी, आता पुरे. लई थकलात."

"थकले तर हाय. पर मंग तुमी सांगनार का?"

मी टीव्हीच्या वायरी गुंडाळायला लागलो. पुढे घरोघर केबल आली, खेळ थांबले. पुन्हा चौकशी काही झाली नाही.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेलो. सुनेनं चुलीवर चहा केला. मग लाकडं बाहेर ओढून पाणी शिंपडलं, राखेवर तळहात टेकवला आणि ती तशीच बसून राहिली. "आत्याबाई अशाच बसायच्या," ती म्हणाली. "राख पुरती गार झाल्याबिगर उठायच्या न्हाईत. आता मलाबी उठवत न्हाई."

माझा चहा संपला होता. मीही बसून राहिलो.