टेप लावून मोजलेली दोस्ती

आमच्या स्टाफरूममध्ये चौघं बसली की एक किस्सा निघतो, आणि त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. आमच्या फिल्मचं तेच झालंय. फिल्म मूठभर, किस्से पोतंभर!

बारामतीच्या आमच्या कॉलेजात सुलभा मॅडम समाजशास्त्र शिकवतात. मैत्रीवरचं संशोधन वाचून त्या एकदा वैतागल्या. "दोन माणसं पारावर बसली तरी त्यावर प्रबंध!" आणि गॅदरिंगसाठी त्यांनी या संशोधनाची टर उडवणारी छोटी फिल्म लिहिली. तिचा हीरो डॉक्टर मित्रमापे. हा गृहस्थ गावोगाव फिरून मित्रांमधलं अंतर टेप लावून मोजतो. भूमिका गणिताच्या घोलप सरांना मिळाली. मी ग्रंथपाल, पण कॅमेरा माझा, म्हणून कॅमेरामन!

*

पहिलं शूटिंग वडगाव निंबाळकरला, डेअरीसमोर. भर उन्हात घोलप सर कोट घालून उभे. दुधाची किटली घेऊन आलेल्या एका काकांना वाटलं, खरंच कोणी साहेब आलेत. सरही भूमिकेत शिरले होते.

"आपल्याला मित्र किती?"

काकांनी किटली खाली ठेवली. "कशाला पायजेत? ऊस लावायला, का जेवायला?"

सर कोटाच्या खिशातले कागद चाळायला लागले. पुढचं वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतंच! तो प्रसंग आम्ही फिल्ममध्ये तसाच ठेवला.

*

मग दोन जुने दोस्त हवे होते. पळसदेवला गेलो. उजनी धरणाचं पाणी उतरून जुनं देऊळ वर आलं होतं. काठच्या पारावर दोन म्हातारे बसले होते, सर्जेराव आबा आणि नामदेव तात्या. आमचा चहा, भजी, पुन्हा चहा झाला, तरी दोघांत एक शब्द नाही.

मॅडम हरखल्या. "बघा, खऱ्या मित्रांना शब्द लागत नाहीत. संशोधनात एवढं मात्र बरोबर लिहिलंय!"

चहावाले बापू काहीतरी सांगायला पुढे आले. मॅडम म्हणाल्या, "नंतर, बापू." आणि आबा-तात्यांना फिल्ममध्ये घेऊन टाकलं. दोघंही लगेच तयार झाले.

*

शूटिंग सुरू झालं. आबा मॅडमना म्हणाले, "त्यास्नी सांगा, जरा सरका म्हणावं."

तात्याही मॅडमनाच म्हणाले, "त्यास्नी सांगा, पार काय त्यांच्या सातबाऱ्यावर न्हाय!"

आता बापूंना राहवेना. "मॅडम, सोसायटीच्या निवडणुकीत हे एकमेकांच्या विरोधात हुबं ऱ्हायलं. तवापासनं बोलत न्हाईत. आधी एका ताटात जेवायचं."

"मग रोज एकाच पारावर का बसतात?"

"आधी उठायचं कुणी?"

"आणि फिल्मला हो कसे म्हणाले?"

"एक उतरल्यावर दुसरा माघार घील व्हय?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्या पॅकअप करायला निघाल्या, तर बापूंनी हातच जोडले. "फिल्मपुरतं का हुईना, बोलतील! माझा चहासुद्धा एकाचा पिऊन झाला की मगच दुसरा मागतो. बघवत न्हाय हो."

त्यानंतर मॅडमचा गॅदरिंगमधला रसच गेला. या दोघांना बोलतं करायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात राहिलं. खरं सांगतो, माझ्याही.

*

पहिला डायलॉग आबांचा. "तात्या, चहा घेतोस का?"

आबा तो म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे वळून पुढे जोडलं, "डायलॉग हाय म्हणून इचारलं!"

तात्यांनी कप उचलला. "मी बी डायलॉग म्हणूनच पितोय!"

बापू कपबशा विसळायचं सोडून टाळ्या वाजवत होते.

*

शेवटचा सीन असा होता. घोलप सर दोघांमध्ये टेप धरतात. तात्या विचारतात, "आबा, उद्या येतोस ना?" आबांना उत्तर नाही. सर म्हणतात, "निष्कर्ष: माहिती अपुरी!" आणि फिल्म संपते.

तात्यांना एवढं वाक्य येईना. सगळी भजनं न बघता म्हणणारा माणूस! दर वेळी "आबा..." म्हणून घसा खाकरायचे आणि देवळाकडे बघत बसायचे. आबाही काही कमी नाहीत. कधी ढग आला म्हणून, कधी आपली टोपी वाकडी म्हणून, "मॅडम, परत घ्या!"

ऊन कलायला लागलं. मॅडमचा धीर सुटत चालला. तेवढ्यात माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. मी खुणेनं मॅडमना सांगितलं. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं आणि ओरडल्या, "ॲक्शन!"

घोलप सरांनी टेप धरला. तात्या एकदम कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, लाल दिवा बंद हाय."

मला वाटलं, संपलं सगळं.

आबा म्हणाले, "मघाच गेलाय त्यो. त्यांच्या कॅमेऱ्याचं त्ये बघतील. तुजं वाक्य हाय, म्हण."

तात्यांनी घसा खाकरला. "सर्जा, उद्या येतोस न्हवं?"

"येतो. घरनं च्या पिऊन यिऊ नगंस."