झाकण काढणारे आचारी

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मी दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका दवाखान्यात रक्त काढायचो. तिथे एका लेबर कॅम्पच्या मेसचे एक आचारी दर महिन्याला शुगर तपासायला यायचे. गुहागरकडचे, पन्नाशीतले. मी सुई टोचायचो आणि ते हाताकडे न बघता दुपारी काय शिजणार आहे ते सांगत राहायचे.

त्यांच्या मेसला घंटा नव्हती, 'यल्ला, चला' म्हणून कोणी हाकही मारायचं नाही. जेवणाआधी दहा मिनिटं ते दारं उघडून टोपांची झाकणं काढायचे. माणसं आपोआप यायची.

एकदा डॉक्टरांनी त्यांना समजावलं, "जेवणाचा वास आला की मेंदू नसांमधून स्वादुपिंडाला कळवतो. घास तोंडात जायच्या आधीच थोडं इन्सुलिन सुटतं. शुगरने तुमच्या नसा बिघडल्यात, तुमच्यात तो निरोप नीट पोचत नाही."

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. ते उलट खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे मी झाकण काढलं की दोनशे माणसांच्या पोटात इन्सुलिन सुटतं?"

"थोडं थोडं, हो," डॉक्टर हसले.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. आधी स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचून घेतलं, मग अर्ध्या तासाने बांगड्याच्या तिखल्याच्या टोपावरचं झाकण काढलं. नळावर हात धुणारी माणसं बोलायची थांबली. त्यांच्याकडे बोट करून ते मला म्हणाले, "बघा. माझं एकट्याचं तेवढं बाटलीतून येतं. बाकी सगळ्यांचं मी सोडतो."