रज्जाकभाऊंचा गळका वाफा

फोन आला तेव्हा मी गडचिरोलीत एका सभेच्या तयारीत होते. हातात पत्रकांचा गठ्ठा, बोटांना शाई. पलीकडून सीताबाई ओरडत होत्या. वृद्धनिवासाच्या ऑफिसातला फोन त्यांनी जन्मात पहिल्यांदाच कानाला लावला असावा. "मिस्त्री गेला वं पोरी! सकाळी चाय पेला, वाफ्यापाशी गेला, अन् बसल्या जागीच... तू ये." मी मिळेल त्या बसने निघाले. पण चंद्रपूरला पोचेपर्यंत रज्जाकभाऊंना त्यांच्या मुलांनी शहरातल्या घरी आणि तिथून कब्रस्तानात नेलं होतं. मला उशीर झाला. त्यांच्या बाबतीत मला उशीर होण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेबद्दल लिहायचं आहे, म्हणून आज बसले आहे.

रज्जाकभाऊ गवंडी. आमच्या छापखान्याची मागची भिंत त्यांनी बांधली होती. छापखाना म्हणजे एक खोली, एक मशीन आणि वडिलांचे न संपणारे मोर्चे. भिंत बांधून झाली तरी भाऊ दुपारच्या चहाला येत राहिले. त्यांना मराठी वाचता येत नसे. म्हणून मशीनवरून ओलं पत्रक निघालं की मी ते मोठ्यानं वाचून दाखवायची. आठ-नऊ वर्षांची मी, मूठ आवळून 'शोषण' हा शब्द ठासून म्हणायचे. ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि दर वेळी एकच प्रश्न विचारत, "ज्याच्यासाठी लिवलं, त्याले वाचून दाखवलं का, बेटा?" वडील हसत. मलाही तो त्यांचा विनोदच वाटे.

पुढे त्यांची बायको गेली, मग गुडघे गेले. मुलांच्या दोन खोल्यांत आपली खाट अडचण करते, हे ओळखून ते आपणहून शहराबाहेरच्या वृद्धनिवासात राहायला गेले. नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. तिथे सीताबाई होत्या, मूल तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावातल्या. अर्धा जन्म मासोळ्या विकण्यात आणि अर्धा धानाच्या चिखलात गेलेला. आता त्यांची कंबर वाकत नव्हती. "माती दिसते, पण हातात येत नाई," असं त्या येता-जाता म्हणत. भाऊंनी ते ऐकलं आणि बांधकामातून उरलेल्या विटांजवळ स्टूल नेऊन ठेवलं. माणूस खाली वाकत नाही ना, मग माती वर आणू! स्टुलावर बसून, ओळंबा सोडून, त्यांनी कमरेएवढ्या उंचीचा लांबट वाफा बांधला. आतून गिलावा घोटून असा गुळगुळीत केला की हात फिरवत राहावा. मेथी पेरली, वांग्याची रोपं लावली. मग आठ दिवसांची झड लागली आणि वाफा काठोकाठ भरला. पाणी जागचं हलेना. जन्मभर न गळणाऱ्या भिंती बांधणाऱ्या माणसानं वाफाही तसाच बांधला होता! मेथी सडली. सीताबाईंनी पाण्यात बोट बुडवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्रीभाऊ, मासोया सोडू का याच्यात?"

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा भाऊ छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःच्याच भिंतीला तळाशी भोकं पाडत होते. "जिंदगीभर गळती बंद केली," म्हणाले, "आता गळाले पाह्यजे म्हणून ठोकून राह्यलो. लोक पागल म्हणतीन मले." त्यानंतर असे आणखी चार वाफे झाले, सगळे गळके. उन्हाळ्यात माती भाजू नये म्हणून वर धानाचं तणस अंथरायचं, खाणींकडून उडून पानांवर बसलेली कोळशाची भुकटी ओल्या फडक्यानं पुसायची, हिवाळ्यात सीताबाईंची लाखोळीची डाळ पेरायची आणि भाजीला तिचे कोवळे शेंडे खुडायचे. आणि रोज सकाळी, चहा झाला की, भाऊ मोडक्या छत्रीची एक तार घेऊन, स्टूल सरकवत, पाचही वाफ्यांची भोकं मोकळी करत फिरायचे.

मग गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी पत्रक लिहिलं. त्या दिवशी मी गेले तेव्हा देणगीदार आले होते. भर उन्हात म्हाताऱ्यांना वाफ्यांमागे ओळीनं उभं करून फोटो काढले जात होते. सीताबाई घामानं निथळत होत्या. आणि जाताना पाहुण्यांच्या गाडीत वांग्यांच्या दोन टोपल्या चढल्या. माझं डोकं भणाणलं. घरी येऊन एका बैठकीत चार पानं लिहिली. मथळा होता, 'म्हाताऱ्यांच्या घामाची वांगी कोणाच्या ताटात?' दोन दिवसांत पत्रक शहरभर गेलं. पंधरा दिवसांनी मी मोठ्या ऐटीत वृद्धनिवासात गेले, तर वाफ्यांच्या नळाला कुलूप होतं. शेजारी नवी पाटी होती, रहिवाशांनी बागेत काम करू नये. वांग्याची झाडं उभ्या उभ्या वाळली होती. भाऊ व्हरांड्यात गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"काय लिवलं, वाच तं."

मी वाचलं. 'शोषण' या शब्दापाशी आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज अडखळला. त्यांनी नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकलं. "वांगे नेले थे बराबर लिवलं," ते म्हणाले. "आम्हाले बी पसंत नोहोतं. पण बेटा, छापाच्या पयले मले काऊन नाई वाचून दाखवलं?" मी काही बोलायच्या आत सीताबाई कडाडल्या, "आमच्यासाठी भांडाले आली अन् आमचीच माती नेली! आता खाटेवर बसा अन् देव-देव करा."

मी व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, पत्रक खोटं होतं असं लिहून द्या, आज नळ उघडतो. मी नकार दिला. खोटं नव्हतंच ते! मग अर्ज, सह्या, वादावादी... पाऊस सुरू झाला, पेरण्या उरकल्या, मी भांडत होते. पोळा गेला, मी भांडतच होते. भाऊंनी मला एकदाही 'सही कर' म्हटलं नाही. रिकाम्या वाफ्यांची भोकं मात्र ते रोज मोकळी करत. याला बागकाम म्हणत नाहीत, असं त्यांनी व्यवस्थापकांना ठणकावलं होतं. एकदा फाटकापाशी सीताबाईंनी माझा दंड धरला. "मिस्त्रीच्या हाताले कापरं भरलं. तू कोणत्या सालाची वाट पाहून राह्यली वं?"

दुसऱ्याच दिवशी मी लिहून नेलं: वांग्यांबद्दल लिहिलं ते खरं आहे, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना आधी विचारलं नाही, ही चूक माझी आहे. देण्याआधी व्हरांड्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. भाऊ म्हणाले, "आता दे." व्यवस्थापक कुरकुरले, पण कुलूप निघालं. दिवाळी तोंडावर आली होती. त्यानंतर भाऊंना एक हिवाळा मिळाला, एक उन्हाळा, आणि या पावसाळ्याचे थोडे दिवस. मागचा अख्खा पावसाळा मी तत्त्वासाठी घालवला, आणि तो माझा नव्हता. मग तेव्हाच खोटं लिहून द्यायला हवं होतं का? नाही... अजूनही माझ्या तोंडून 'हो' येत नाही. आणि येत नाही म्हणूनच चैन पडत नाही. ती सहा ओळींची चिठ्ठी मला मे महिन्यातच का सुचली नाही?

गेल्या आठवड्यात वृद्धनिवासात गेले. झड लागलेली होती. वाफ्यांशेजारच्या खिळ्याला छत्रीची तार लटकत होती. पाचही वाफे पाण्यानं भरले होते. चवळीची पानं पिवळी पडू लागली होती. भोकांपर्यंत वाकू शकेल असं तिथे कोणीच नव्हतं. सीताबाई डोक्यावर पोतं घेऊन काठाशी उभ्या होत्या. मी तार काढली, चिखलात उकिडवी बसले आणि वर बघून विचारलं, "आधी कोणतं मोकळं करू?"

"आता इचारते!" सीताबाई म्हणाल्या. मग पोत्याखालून बोट दाखवत, "कोपऱ्यातलं. थे लय बुजते. मिस्त्री तिथूनच सुरू करे."

तार आत गेली, अडली. मी ती फिरवली, ढकलली. आधी चिखलाची एक गोळी बाहेर आली आणि मग गढूळ पाण्याची धार माझ्या पायांवर पडली. चपला भरल्या. आतलं पाणी हळूहळू उतरू लागलं, चवळीचे बुंधे दिसू लागले.

"अजून चार हायेत," सीताबाई म्हणाल्या.

मी पुढच्या वाफ्याकडे सरकले.