बिनब्रेकची नंदीगाडी

त्या तान्ह्या पोळ्याला आमच्या ह्यांची सायकल घरातच होती. फक्त तिला चाकं नव्हती.

चाकं मी काढली होती. (आज नातवंडांना मी शहाणी वाटते, तेव्हा मी तिशीत होते आणि स्वतःला इंजिनियर समजत होते!) आमच्या मूल तालुक्यातल्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी ओढत मिरवतात. लोक नंदीला कुंकू लावतात आणि पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊची नाणी, ठेवतात. सजावटीचा पहिला नंबर मात्र दरवर्षी थोरल्या जाऊबाईंचा! माझ्या लेकीच्या, बेबीच्या हातावर त्या बोजारा अशा दयेनं ठेवायच्या, की माझ्या पोटात दुखायचं.

म्हणून ठरवलं, यंदा आपला नंदी गाडी ओढेल! बांबूची चौकट, मागं ह्यांच्या सायकलची मोठी चाकं, पुढं बेबीच्या जुन्या सायकलची लहान. गाडी उभ्या जागीच उतारावर निघाल्यासारखी दिसे. मला तो डौल वाटला.

"काऊन वो, माही सायकल अशी उताणी काऊन पडली?" हे ओरडले.

"सण आहे. आराम करून राह्यली!"

"अन् तुह्या गाडीले ब्रेक?"

"सायकलचेच ना!"

हे सायकलकडे पाहतच राहिले. ब्रेक तिथंच होते, सांगाड्याला.

बेबी बसली की गाडी डुगडुगायची. वजन हवं म्हणून मीच बसले, आणि बेबी दोरी धरून नंदीपुढं चालू लागली. मारुतीच्या पारापर्यंत थाटात गेलो. पुढं उतार! गाडीनं नंदीला मागून ढुशी दिली.

"बेबे, हो बाजूले!"

बेबी वाचली. कमरेएवढा नंदी उलटून माझ्या मांडीवर आला, आणि आम्ही दोघं परीक्षकांसमोरून, जाऊबाईंसमोरून, थेट धानाच्या बांधीत, भातखाचरात!

चिखलातून मी हातापायांवर रांगत बाहेर आले. डोक्यावर नंदीची झूल, गळ्यात त्याची घुंगरमाळ.

परीक्षक सरपंचभाऊंनी गंभीरपणे विचारलं, "बाई, तुमचा नंदी कुठी आहे?"

ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "हा काय, येऊन राह्यला!"

पहिला नंबर अर्थातच जाऊबाईंना. पण मोठ्या मनाची बाई! ताट घेऊन बांधावर आल्या, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर बोजारा ठेवला.

मी काय करणार? मान डोलावली, अन् घुंगरं वाजली!