किमोनोच्या फोटोतून बाहेर काढलेली आत्या

टोकियोहून येऊन तीन आठवडे झाले. राग जरा निवळला की लिहू, म्हणून थांबले होते. निवळला नाही, तेव्हा आहे तसंच लिहिते. सहलीची माहिती हवी असेल तर तीही यात आहे, पण ती रागासकट घ्यावी लागेल.

मी शहापूरला राहते आणि वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंग विभाग सांभाळते. जपान बघायचं हे माझं जुनं वेड. 'आधुनिक टोकियोत पारंपरिक जपान' अशी सहा दिवसांच्या सहलीची जाहिरात दिसली आणि मी नाव नोंदवलं. बरोबर येणारी मैत्रीण व्हिसाच्या आधीच मागे फिरली. तेव्हा आठवली आत्या. तिचा पासपोर्ट तयार होता, कारण तिचा मुलगा मस्कतला असतो आणि ती एकदा तिकडे जाऊन आली आहे.

आत्याचं गाव मुरबाडजवळच्या म्हसा गावाच्या पुढे. वय पासष्ट, भातशेती स्वतः करते, नेसायला काष्ट्याचं लुगडं. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. तेव्हापासून शाळा संपेपर्यंत मी तिच्याच घरी वाढले. हे मुद्दाम आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझी बाजू घ्यायची घाई होणार नाही.

"काय हाय गो तिकडं?" तिने विचारलं.

"जुनी देवळं, चहा करायची जुनी पद्धत, हाताने काम करणारे लोक."

"मंग चल. भात झोडून झालाय."

संध्याकाळचं विमान होतं, तरी आम्ही सकाळीच गाडी काढली. भिवंडी बायपासचा काही भरवसा नाही. तुम्हीही चार तास हातात ठेवा. नोव्हेंबरचा शेवट होता, टोकियोत चांगली थंडी. आत्याने लुगड्यावर माझं जाड जॅकेट चढवलं, पायात लोकरीचे मोजे. मोजे फाटके नेऊ नका, तिथे पदोपदी बूट काढावे लागतात.

पहिल्या सकाळी असाकुसाचं मोठं देऊळ. दोन्ही बाजूंना दुकानांची रांग, सगळीकडे तेच पंखे, तेच चुंबक, तीच कापडी पिशवी. देवळासमोर धूप जळत असतो आणि लोक तो धूर अंगावर घेतात. आत्याने कोणाला न विचारता दोन्ही हातांनी धूर डोक्यावरून घेतला, माझ्याही केसांवर फिरवला. पायऱ्यांवर सगळे बूट घालून चढत होते. तिने बूट काढले, हातात धरले आणि तशीच आत गेली. आमचा टूर मॅनेजर परेश हातातलं घड्याळ दाखवत मागे उभा. "मंडळी, पंधरा मिनिटं. फोटो काढा आणि चला."

दुपारी 'पारंपरिक चहाविधी आणि किमोनो अनुभव'. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो कार्यक्रम एका व्यापारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर निघाला. लिफ्टमधून बाहेर आलं की प्लास्टिकची गुलाबी फुलं. चहा करणारी बाई बिचारी चांगली होती, पण तिला वीस मिनिटं दिलेली आणि दाराबाहेर पुढचा गट उभा. वाडगा कसा फिरवायचा हे ती सांगत होती, तोवर परेश म्हणाला, "पिऊन टाका, पिऊन टाका, किमोनो बाकी आहेत." या कार्यक्रमाच्या पैशांत आपल्याकडे महिन्याचा किराणा येतो. घेऊ नका.

किमोनो म्हणजे चिकटपट्टीने मागून बंद होणारे पातळ झगे. मी निळा घातला. आत्याने हात लावून पाहिला आणि परत ठेवला.

"मी नाय घालत. माजा लुगडा हाय ना."

सगळे फोटोसाठी उभे राहिले. मी पुढच्या रांगेत, आत्या माझ्या शेजारी. परेशने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला. "आजी, तुम्ही जरा बाजूला होता का? सगळे किमोनोत आहेत, फ्रेम बिघडते. हा कंपनीच्या पेजवर जाणार आहे."

आत्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "आत्या, दोनच मिनिटं."

ती खुर्च्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी फोटोत हसले आहे. चांगलं तोंडभरून हसले आहे.

दुसऱ्या दिवशी गट एका मोठ्या मॉलमध्ये जाणार होता. मी परेशला सांगितलं, आम्ही दोघी वेगळ्या फिरतो, दोन वाजता बसपाशी येतो. हॉटेलशेजारच्या दुकानातून भाताचे त्रिकोणी गोळे घेतले. शाकाहारी असाल तर आंबट फळाचा गोळा मागा आणि तरीही विचारून घ्या, बाकी बहुतेकांत मासा असतो. आत्याला तो खारट-आंबट भात फार आवडला. रेल्वेचं कार्ड भरून ठेवलेलं असेल तर प्रवास सोपा आहे. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिमेच्या दाराने बाहेर पडा, यानाका नावाचा जुना भाग लागतो. बुटकी घरं, लहान देवळं, पिवळी पानं पडलेल्या गल्ल्या. तिथे कोणी काही विकायला मागे लागत नाही.

एका गल्लीत आत्या थांबली. नाक वर करून म्हणाली, "पेंढा हाय हितं."

मला काहीच वास आला नव्हता. पण समोर खरंच तातामीचं दुकान होतं. तातामी म्हणजे जपानी घरात जमिनीवर बसवतात त्या जाड चटया. एक म्हातारा जुनी चटई उसवत बसला होता. वरचं आवरण निराळ्या गवताचं, आत मात्र घट्ट दाबून बसवलेला भाताचा पेंढा. आत्या सरळ दारात गेली, बोट दाखवून हसली. त्याने मान हलवली. ती उंबऱ्यावर बसली, चार काड्या उचलल्या, तळव्यांत घेऊन पीळ दिला. बघता बघता वीतभर दोरी झाली.

म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली आणि आतल्या बाजूला हाक मारली. त्याची सून आली. तिला इंग्रजी येत होतं. त्यानंतरचा तास मी फक्त मधली दुभाषी होते.

त्यानेही काड्या घेऊन दोरी वळली. आत्याने ती हातात घेऊन निरखली. "ह्याचा पीळ उलटा हाय."

सून म्हणाली, देवळाला बांधायची दोरी उलट्या पिळाची असते, सासऱ्यांना गावी लहानपणी शिकवलेली. आत्याने तसं करून पाहिलं. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा जमलं. म्हातारा सांगत होता की आता चटयांच्या आत फोम घालतात, पेंढा मागणारी घरं फार थोडी. आणि लांब पेंढा मिळतही नाही, कापणीचं मशीन त्याचे तुकडे करतं.

"आमच्याकडं पन तेच," आत्या म्हणाली. "मशीन लावला का पेंढ्याचा भुगा. गुरं पन तोंड लावत नाय." मग दोघांनी आपापल्या भाषेत मशीनवाल्यांना मनसोक्त बोलून घेतलं. ते मी भाषांतरित केलं नाही, गरजच पडली नाही.

निघायच्या आधी सुनेने विचारलं, दोघांचा एक फोटो काढू का. आत्या उठायला लागली. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी हितंच बसली तर चालंल ना? कोनाचा फोटो बिघडत नाय ना?"

मला भाषांतर करायला काही नव्हतं. ते माझ्यासाठीच होतं.

बसपाशी आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो. परेश सगळ्यांसमोर म्हणाला, "आजींना झेपत नसेल तर उद्यापासून हॉटेलवर बसवा." मग मी बोलले. चिकटपट्टीचे झगे, प्लास्टिकची फुलं, वीस मिनिटांचा चहा, सगळं काढलं. परंपरा दाखवायला आणलंत आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वस्त्र नेसलेल्या बाईला फोटोतून हाकललंत, असंही म्हणाले. बस सुटली. मला वाटलं, आत्या माझा हात धरेल. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

घरी आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं, फोटो काढून टाका आणि माफी मागा. उत्तर आलं: पुढच्या सहलीवर खास सवलत. फोटो अजून त्यांच्या पेजवर आहे, खाली लिहिलंय, 'परंपरेशी भेट'. या सहलीने जाऊ नका. टोकियोला मात्र जा. स्वतःचे स्वतः जा, निप्पोरीला उतरा आणि घरच्या मोठ्या माणसाला बरोबर न्या. त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

मागच्या रविवारी स्कूटर काढून मुरबाडमार्गे आत्याकडे गेले. ती अंगणात पावटे सोलत होती. मी कंपनीला काय काय सुनावलं ते सगळं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं.

तिने ऐकून घेतलं. "त्याला पत्र लिवलास. मला बोलाया तुला तीन आठवडे लागले."

"आत्या, मी चुकले."

"चुकलीस."

मी वाट पाहिली की ती पुढे काही म्हणेल. जाऊ दे म्हणेल, लहान होतीस तेव्हाचं काही काढेल. ती सोलत राहिली.

"त्या मानसाचा राग नाय आला मला," मग म्हणाली. "त्यो माजा कोन? तू हसत व्हतीस, त्याचा आला."

"अजून आहे?"

"हाय. थोडा." तिने पावट्याचं ताट बाजूला सरकवलं आणि उठली. "भाकरी टाकते. जेवल्याबिगर जाऊ नको."